बांधाची साक्ष
(पंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर केलेले भाषण)



'अतिक्रमण' हा शब्द आपल्या दप्तरात फार सहजपणे लिहिला जातो. वनाच्या हद्दीत नांगर दिसला की झाले! नांगर आधीचा की हद्द आधीची, हे दप्तर विचारीत नाही. मेळघाटात १९७३-७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प आला. कोरकूंची वस्ती त्याच्या कितीतरी आधीची.

डिसेंबर १९७८ मध्ये महाराष्ट्र शासनाने ३१ मार्च १९७८ पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. निर्णय चांगला होता. पण पुराव्यापाशी अडला. ज्याच्यापाशी दंडाची पावती, त्याची वहिवाट सिद्ध झाली. ज्याला पावतीच मिळाली नव्हती, तो पिढीजात कसणारा असूनही बाहेर राहिला. हा वाद पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

२००६ च्या वनहक्क कायद्याने ही अडचण ओळखली. आदिवासीची १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनची वहिवाट आणि स्वतःची कसणूक असेल, तर चार हेक्टरांपर्यंत हक्क मिळू शकतो. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानेही यातून वगळलेली नाहीत. (२००५ नंतर तोडलेल्या जंगलाला हे छत्र नाही, आणि नसावे.) पुरावे कोणते? शेताचा बांध, विहीर, घर, दफनभूमी, देवस्थान. शिवाय दावेदाराव्यतिरिक्त गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. यांतील किमान दोन हवेत. अमुकच कागद आणा, असा आग्रह उपविभागीय किंवा जिल्हास्तरीय समितीने धरू नये, असे २०१२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे. दावा फेटाळताना कारणे लेखी द्यावी लागतात.

परंतु बांध बोलत नाही, आणि ज्यांनी तो पडताना पाहिला ती माणसे आता थकली आहेत. त्यांच्यातील एकेक जण जातो, तसतसा एकेका शेताचा साक्षीदार जातो. म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे : वनहक्क समितीच्या बैठकीत वही घेऊन बसा. म्हातारा सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहा. झाड, नाला, दुष्काळाचे वर्ष, काहीही गाळू नका. अंगठा घ्या, तारीख घाला. सदस्यांनी त्या वहीची नक्कल ग्रामसभेच्या दप्तरी ठेवावी.

वैयक्तिक दाव्याबरोबर सामूहिक दाव्याचाही विचार करा. मेळघाटच्या पायथ्याशी असलेल्या पायविहीर गावाला २०१२ मध्ये १९२ हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. उजाड टेकडी गावाने राखली, झाडे लावली. तेथील सीताफळे बाजारात जाऊ लागली.