आग्नेयेकडची छत्री



आग्नेय म्हटलं की घरातली चूल आठवते. पाया खणण्याआधीच स्वयंपाकघर कुठल्या कोपऱ्यात, याचा निकाल लागलेला असतो. गेल्या काही वर्षांत त्याच दिशेला तोंड करून गच्चीवर, पत्र्यावर, नाहीतर जुन्या माळवदावर आणखी एक वस्तू उभी दिसते. डिश हे तिचं दुकानातलं नाव. घरात तिला छत्रीच म्हणतात. पाऊस अडवण्याशी या छत्रीचा काडीचा संबंध नाही. उलट मुसळधार पाऊस आला की आधी हात टेकते ती हीच.

ही छत्री दूरदर्शनच्या मोफत सेवेची. १६ डिसेंबर २००४ रोजी ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावानं ही सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. आज तिला डीडी फ्री डिश म्हणतात आणि देशातल्या ४ कोटींहून जास्त घरांत ती पोचली आहे. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये दूरसंचार नियामकाचे नवे दर लागू झाले, तेव्हा केबल किंवा सशुल्क डीटीएच घेणाऱ्याला नुसत्या जोडणीचेच १३० रुपये आणि वर कर, म्हणजे १५३ रुपये पडू लागले. पैशाच्या वाहिन्या त्याहून निराळ्या. जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातली एखादी शेतवस्ती डोळ्यांपुढे आणा. दोन-तीन घरं, एक विहीर, मोसंबीची बाग. तिथवर तार ओढणं केबलवाल्याला परवडत नाही आणि दर महिन्याचं बिल घरच्यांना परवडत नाही. अशा घराला साधारण दीड-दोन हजारांत, एकदाच पैसे मोजून मिळणारा संच सोयीचा वाटला, तर त्यात नवल काय?

पण हा संच स्वस्त असला तरी हलगर्जीपणा त्याला चालत नाही. बिघडतं ते बहुधा लावण्यात.

छत्री ज्याच्याकडे रोखायची तो जीसॅट-१५ हा ३,१६४ किलो वजनाचा उपग्रह ११ नोव्हेंबर २०१५ च्या पहाटे फ्रेंच गयानातून आकाशात गेला. पूर्व रेखांश ९३.५ ही त्याची जागा, म्हणजे निकोबार बेटांच्या दक्षिणेला, विषुववृत्तावर, समुद्राच्या माथ्यावर. जालन्यापासून तो साडेछत्तीस हजार किलोमीटरवर आहे. जालन्याहून बघितलं तर त्याची दिशा उत्तरेपासून १३७ अंश, जवळजवळ नेमकी आग्नेय, आणि उंची क्षितिजापासून ५९ अंश. भोकरदनपासून मंठ्यापर्यंत हे आकडे फार तर एखाद्या अंशानं इकडेतिकडे होतात. म्हणून सगळ्या जिल्ह्याला हेच दोन आकडे पुरतात.

जुन्या काळचा माशाच्या काट्यासारखा अँटेना आठवा. म्हैसमाळच्या डोंगरावर दूरदर्शनचा मनोरा, जालना शहरापासून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, पश्चिम-वायव्येला. तिथलं चित्र पकडायचं तर अँटेना तिकडे वळवून उंच बांबूवर चढवावा लागे. जितका उंच तितकं बरं, हाच हिशेब. छत्रीचं तोंड जवळपास उलट्या दिशेला, आणि उंचीची तर तिला गरजच नाही. ५९ अंश म्हणजे ती बरीचशी आभाळाकडेच बघते. समोर अडथळा नसेल तर अंगणात, गोठ्याशेजारी, गुडघाभर खांबावरही तेच चित्र येतं. तरी लोक ती सगळ्यात उंच जागी नेऊन बसवतात. मग वारा तिला हलवतो, आणि विजेच्या तारा जवळ असल्या तर जिवावर बेततं.

उपग्रहाचं चित्र खेड्यात उतरवण्याचा पहिला मोठा प्रयोग १९७५-७६ चा. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला आणि सहा राज्यांतल्या २,४०० गावांत संच बसले. महाराष्ट्र त्या यादीत नव्हता, शेजारचं गुलबर्गा होतं. तेव्हाची छत्री तीन मीटर रुंद आणि कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीची! आता दोन फुटांची पत्र्याची ताटली पुरते.

आता प्रत्यक्ष काम. सशुल्क डीटीएचची जुनी छत्री गच्चीत पडून असेल तर बहुतेक वेळा तीच चालते, डबा, म्हणजे सेट-टॉप बॉक्स, तेवढा नवा घ्यायचा. दांडीच्या टोकाला जे बोंड असतं, त्याला एलएनबी म्हणतात. त्यावर ९७५० आणि १०६०० हे दोन आकडे छापलेले आहेत का, ते बघून घ्यावं. मात्र शेजाऱ्याची छत्री बघून आपली वळवायची, हा उद्योग करू नये. कुणाच्या कंपनीचा उपग्रह ८३ अंशांवर असतो, कुणाचा १०८ अंशांवर. शेजाऱ्याचं चित्र झकास येतं आणि आपल्याकडे नुसता निळा पडदा.

खांब ओळंब्यात हवा. या एका गोष्टीकडे जितकं दुर्लक्ष होतं तितकं दुसऱ्या कशाकडे होत नसेल. खांब तिरका असला की छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही बदलत जाते, आणि माणूस दुपारभर आभाळ धुंडाळत बसतो. गवंड्याकडून ओळंबा मागून आणला तर हा घोळ पाच मिनिटांत मिटतो. दिशा मोबाइलच्या होकायंत्रावर बघता येते, पण जालना हा सळयांच्या कारखान्यांचा जिल्हा आहे. स्लॅबमधून वर आलेल्या सळयांजवळ किंवा पत्र्यावर मोबाइल धरला की सुई भलतीकडेच जाते. दहा-पंधरा पावलं दूर, मोकळ्या रानात उभं राहून १३७ अंशांच्या रेषेवरचं एखादं झाड किंवा खांब हेरून ठेवावा आणि मग छत्रीकडे यावं.

छत्रीचा कलही फसवतो. बोंड मध्यावर नसून खालच्या बाजूनं पुढे आलेलं असतं. त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा वीसेक अंश वर बघत असते. नीट लागलेली छत्री म्हणूनच बघणाऱ्याला जरा जास्तच उभी वाटते. कुणीतरी जाणता येतो, “आणखी वर कर” म्हणतो, आणि जुळलेलं चित्र घालवून जातो.

मग सुरू होतो घरोघरी होणारा खेळ. एक जण गच्चीवर, एक टीव्हीपुढे, आणि दारात निरोप्या म्हणून एखादं पोर. “आलं!” “गेलं!” “थांब, आलं होतं!” हा आरडाओरडा अर्धा तरी कमी होऊ शकतो. डब्याला चित्र पकडायला काही सेकंद लागतात. छत्री अगदी जराशी सरकवायची आणि मनात पाच आकडे मोजायचे. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक जोराची, एक दर्जाची. जोराची पट्टी छत्री भिंतीकडे असली तरी वर चढते, तिच्यावर विसंबू नये. बघायची ती दर्जाची, म्हणजे क्वालिटीची. दीड इंची खांबावर एक अंश म्हणजे घेरावर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा. शेवटचा नट आवळताना पान्याच्या एका हिसक्यानं एवढं सहज सरकतं. म्हणून नट एका दमात न आवळता आलटून-पालटून, थोडे-थोडे आवळावेत. पट्टी भरली की बोंड जागच्या जागी किंचित फिरवून बघावं, आणखी चार-पाच टक्के हाती लागतात.

दारातला कडुनिंब आडवा येतो का, हे ओळखायला सूर्यासारखा साक्षीदार नाही. दरवर्षी १२ मार्चच्या आगेमागे, सकाळी सव्वाअकराच्या सुमारास, जालन्यातून बघताना सूर्य बरोबर या उपग्रहाच्या पाठीशी येतो. ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला हेच अकराच्या थोडं आधी घडतं. त्या वेळी अंगणात जिथे झाडाची सावली असेल, तिथे उपग्रहाची लहरही पोचत नाही. तिथे छत्री लावू नये. त्या दिवसांत काही मिनिटं चित्र आपोआप जातं. डबा बिघडलेला नसतो, सूर्याच्या गोंगाटात उपग्रह ऐकू येत नाही इतकंच.

पावसाचं कारण वेगळं. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास. दाट सरी त्यांना शोषतात, विखरून टाकतात. सर ओसरली की चित्र परत येतं, तेवढ्यासाठी छत्री हलवू नये. वायरच्या जोडावर मात्र पाणी झिरपू देऊ नये. जोड खाली तोंड करून ठेवावा, टेप घट्ट गुंडाळावी. वायर जोडताना डब्याचा स्विच बंद हवा, कारण त्याच वायरीतून बोंडाला वीज जाते. वळवाचे ढग गडगडायला लागले की पिन आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवावं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट मराठवाडा विसरलेला नाही. अशा गारांनी पोचा पडलेली ताटली ठोकून सरळ करण्यात वेळ घालवू नये, तिची वक्रता गेलेली असते.

वाहिन्यांची यादी कायमची नाही. खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावानं ठरतात, त्यामुळे आज दिसणारी मराठी वाहिनी वर्षानं दिसेलच असं नाही. सह्याद्री आणि डीडी किसान या दूरदर्शनच्याच. २०२० च्या जुलैत शाळा बंद असताना सह्याद्रीवर ‘टिलीमिली’ ही अभ्यासाची मालिका लागायची. पहिली ते आठवीच्या मुलांना ती बघायला ना इंटरनेट लागलं, ना महागडा फोन. एखादी वाहिनी अचानक गायब झाली, तर गच्चीवर धावण्याआधी रिमोट हातात घ्या आणि नव्यानं स्कॅन करा. बऱ्याच रिमोटवर रेडिओचंही एक बटण असतं. ते दाबलं की चित्र जातं आणि त्याच छत्रीतून आकाशवाणी ऐकू येते.