सात फाइलींची एक सूची

(कुडपण येथे उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मे महिन्यात गाव भरलेलं असतं. मुंबईला परतण्याआधी चाकरमान्यांच्या गळ्यात एक काम घालावं, म्हणून हा विषय मी मुद्दाम मागून घेतला. विषय रुक्ष आहे: पुस्तकाच्या शेवटी जी नावांची आणि पानांची यादी असते, ती सूची. त्यातही एका पुस्तकाची सोपी सूची मला सांगायची नाही. मजकूर वेगवेगळ्या फाइलींमध्ये, वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेला असताना सगळ्यांची मिळून एकच सूची कशी करायची, ते सांगायचं आहे.

कुडपणला हा विषय कशाला, असं कुणी विचारेल. तर कुडपण तीन जिल्ह्यांच्या बेचक्यात आहे म्हणून. गाव रायगड जिल्ह्यात, पण दक्षिणेकडचे महिपतगड, सुमारगड, रसाळगड रत्नागिरीच्या खेड तालुक्यात आणि प्रतापगड, जावळी साताऱ्यात. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली मुंबई इलाख्याचं गॅझेटियर निघालं. त्यात या मुलखाची माहिती शोधायची तर तीन खंड काढावे लागतात: रत्नागिरीचा १० वा, १८८० चा, कुलाबा आणि जंजिऱ्याचा ११ वा, १८८३ चा, आणि साताऱ्याचा १९ वा, १८८५ चा. डोंगर एकच, पण कारभाराच्या रेघेने त्याचे तीन तुकडे केले आणि ते तीन पुस्तकांत गेले.

हे खंड १८७७ पासून निघत होते. त्या काळच्या साहेबाबद्दल आपल्याला जे काही वाटायचं ते वाटो, पण एक गोष्ट त्याला कळली होती. शेवटचा, २७ वा खंड संपूर्ण सूचीचा आहे, १९०४ चा. आधीच्या सगळ्या खंडांतली नावं त्यात एका रांगेत येतात आणि कुठलं नाव कुठल्या खंडात, कुठल्या पानावर आहे ते कळतं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनीही हेच केलं. त्यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या २३ विभागांपैकी २२ वा सूचीचा आहे. ज्ञानकोश मुळातच अकारविल्हे लावलेला, तरी त्याला सूची लागते. कारण ‘महाड’ हा लेख म मध्ये सापडतो, पण दुसऱ्याच लेखात चार ओळींत आलेलं महाड कोण शोधून देणार?

तेव्हा हे काम कागदाच्या चिठ्ठ्यांवर चालायचं. एक नाव, एक चिठ्ठी; मग चिठ्ठ्या लावायच्या, मोजायच्या, उतरवायच्या. आज हेच काम तुमच्या लॅपटॉपवरचा वर्ड करतो, आणि फुकट मिळणारं लिबरऑफिसही करतं. तरीही आपल्याकडच्या गावांच्या स्मरणिका, घराण्यांचे इतिहास, गौरवग्रंथ बहुतेक सूचीशिवाय निघतात. प्रकाशनाचा समारंभ दणक्यात होतो, शुभेच्छांना पंधरा पानं असतात, सूचीला दोन नसतात. मला हे पटत नाही. ज्या पुस्तकात आपल्या आजोबांचं नाव शोधायला पुस्तक अख्खं वाचावं लागतं, ते कपाटातच राहतं.

आता समजा, या खोऱ्याचा इतिहास आपण लिहायला घेतला. सात प्रकरणं, सात माणसं. एकाने डोंगर, नद्या, भीमाची काठी धबधबा. दुसऱ्याने जावळी आणि मोरे. तिसऱ्याने उमरठचे तानाजी मालुसरे आणि आपल्या गावाशी ज्यांचं नाव जोडलं जातं ते शेलारमामा. चौथ्याने कुलाबा जिल्ह्याचा कारभार. पाचव्याने महाड, १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह. सहाव्याने मुंबईला गेलेली माणसं. सातव्याने पूर आणि दरडी. सात फाइली तयार झाल्या.

पुस्तक दोनशे पानांचं असेल आणि पुन्हा बदल होणार नसतील, तर सरळ सगळ्या फाइली एकात जोडा आणि सूची काढा. उगाच हुशारी नको. पण प्रकरणं अजून लिहिली जात असतील, फोटोंनी फाइली जड झाल्या असतील, किंवा पुढे दुसरा-तिसरा खंड निघणार असेल, तर फाइली वेगळ्याच ठेवाव्यात.

रीत अशी. प्रत्येक लेखकाने आपल्या फाइलीत सूचीत जाण्याजोगं नाव निवडायचं आणि ऑल्ट, शिफ्ट, एक्स या कळा एकत्र दाबायच्या. वर्ड त्या नावाशेजारी एक लपलेली खूण ठेवतो. छापताना ती दिसत नाही, पण मजकूर उचलून दुसरीकडे नेला तर त्याच्याबरोबर जाते. नाव लिहून अपूर्णविराम देऊन पुढे पोटनाव लिहिलं, तर सूचीत ते मुख्य नावाखाली येतं.

मग आठवी फाइल उघडायची, फक्त सूचीची. तिच्यात कंट्रोल आणि एफ ९ दाबून महिरपी कंस आणायचे आणि त्यात आरडी ही दोन रोमन अक्षरं लिहून अवतरणचिन्हांत पहिल्या फाइलीचं नाव द्यायचं. अशा सात ओळी, प्रकरणांच्या क्रमानेच. त्यांच्याखाली सूचीची आज्ञा. एफ ९ दाबलं की वर्ड सातही फाइलींतल्या खुणा गोळा करून एक यादी मांडतो. एकाही फाइलीचा मजकूर या आठव्या फाइलीत येत नाही. सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि आरडीच्या ओळीत शेवटी उलटी तिरपी रेघ आणि एफ टाका, म्हणजे फोल्डर पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्याच्या घरी नेला तरी वाट चुकत नाही.

वर्डमध्ये ‘मास्टर डॉक्युमेंट’ नावाचा दुसरा मार्गही आहे. एक मोठी फाइल आणि तिच्या पोटात बाकीच्या. दिसायला तो सुबक आहे, पण फाइली बिघडवण्याबद्दल तो वर्षानुवर्षं बदनाम आहे आणि जाणती माणसं त्याच्या वाटेला जात नाहीत. लिबरऑफिसमधला मास्टर दस्तऐवज मात्र बराच भरवशाचा. ज्यांच्याकडे वर्ड नाही त्यांनी खुशाल तो वापरावा.

आता पानांचे आकडे. प्रत्येक फाइल पान १ पासून सुरू होत असेल, तर सूचीत ‘उमरठ ५, ५, १२’ असं येईल आणि कुठलं ५ ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. वर्ड हे स्वतः सांभाळत नाही. पहिलं प्रकरण ३४ पानांवर संपलं की दुसऱ्या फाइलीत सुरुवातीचं पान ३५ असं आपण हाताने द्यायचं. खंड वेगळे असतील तर आकड्याआधी खंडाचा क्रमांक लावून घेता येतो, म्हणजे ‘२-४५’ असं छापून येतं. त्यासाठी प्रत्येक फाइलीत खंडाचा अंक धरणारी एक लपलेली नोंद ठेवावी लागते. आणि सूची काढायची ती सगळ्यात शेवटी, छपाईची पानं पक्की झाल्यावर. पुस्तक इनडिझाइनमध्ये लागणार असेल, तर त्यातही अनेक फाइलींचं एक ‘बुक’ करून एकत्र सूची काढता येते. हे डीटीपीवाल्याशी कामाच्या सुरुवातीलाच बोलून घ्यावं.

इथवरचं यंत्राचं काम. इंग्रजी पुस्तक असतं तर मी इथेच पाणी पिऊन बसलो असतो. मराठीत खरी कटकट इथून पुढे आहे.

पहिली कटकट टाइपांची. सातांपैकी एकाने जुन्या फाँटमध्ये टाइप केलेलं असतंच. त्या फाँटांत पडद्यावर मराठी दिसतं, पण आत साठवलेली असतात रोमन अक्षरं, आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते. त्या फाइलीतलं ‘शिवथर’ श मध्ये जाणार नाही. ते कुठल्या तरी रोमन अक्षराखाली जाऊन बसेल. म्हणून आधी सगळ्या फाइली युनिकोडमध्ये आणायच्या आणि रूपांतर झाल्यावर रफार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी वाचून तपासायची.

युनिकोडमध्ये आलो म्हणजे सुटलो असंही नाही. ‘दऱ्या’ हा शब्द दोन रीतींनी टाइप होतो. एका रीतीत त्या र साठी वेगळं अक्षर वापरलेलं असतं, दुसरीत साधा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे. पण यंत्राला हे दोन शब्द आहेत, आणि सूचीत ‘दऱ्या’ एकाखाली एक दोनदा येतात. डोळ्याला फरक दिसत नसल्याने मुद्रितशोधकही चक्रावतो. उपाय सोपा आहे: सूचीत जाणारं नाव टाइप करायचं नाही, ठरलेल्या यादीतून उचलून चिकटवायचं.

मग क्रम. युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्यामध्ये आहे, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर. नुसत्या तक्त्याच्या क्रमाने यादी लावली तर ‘तळीये’ भलतीकडे जाईल. वर्डमध्ये सूचीच्या आज्ञेत भाषेचा क्रमांक देता येतो, मराठीचा ११०२. हा आकडा लिहून घ्या. लिबरऑफिसमध्ये भाषा यादीतून निवडता येते. तरी आपल्या वाटेवरच्या ‘क्षेत्रपाळ’चा प्रश्न उरतोच. क्ष ला क मध्ये घालायचं, की शेवटी ज्ञ च्या शेजारी? दोन्ही पद्धती मराठी कोशांत चालतात. आपण एक ठरवायची आणि सूचीच्या डोक्यावर एका वाक्यात छापायची.

वर्डमध्ये आणखी एक सोय आहे. दोन रकान्यांचा तक्ता द्यायचा, पहिल्यात शोधायचा शब्द, दुसऱ्यात सूचीतलं नाव. वर्ड आपोआप सगळीकडे खुणा करतो. ऐकायला मोठं गोड. पण मराठी नाव मजकुरात एका रूपात कुठे राहतं? पोलादपूर, पोलादपूरला, पोलादपुरात, पोलादपूरच्या. तक्त्यात या प्रत्येक रूपाला वेगळी ओळ लागते, आणि ‘पुरात’मधला उकार ऱ्हस्व झालेला असतो तोही लक्षात ठेवावा लागतो. शिवाय उल्लेख महत्त्वाचा की किरकोळ, हे न बघता यंत्र खूण करतं. ‘महाडहून गाडी पकडली’ हे वाक्यही सूचीत जाईल आणि महाडपुढे साठ आकड्यांची रांग लागेल. साठ आकडे म्हणजे सूची नव्हे, वाचणाऱ्याला शिक्षा. खुणा माणसानेच कराव्यात, अशा मताचा मी आहे. तक्ता फक्त राहून गेलेलं शोधायला वापरावा.

आणि आता नावं. इथे कुठलंच यंत्र मदत करत नाही, आणि सात लेखक असले की सगळा घोळ इथेच होतो.

चंद्रराव मोरे घ्या. दुसऱ्या प्रकरणाच्या लेखकाने नुसतं ‘चंद्रराव’ अशी खूण केली. पण चंद्रराव हा जावळीच्या मोऱ्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा किताब. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली तेव्हाचा चंद्रराव वेगळा, त्याच्या आधीचे वेगळे. यंत्र सगळ्यांना एका ओळीत कोंबेल. याच्या उलट कवींद्र परमानंद, ज्यांची समाधी पोलादपूरला आहे, ‘शिवभारत’चे कर्ते. एक लेखक ‘परमानंद’ लिहील, दुसरा ‘कवींद्र’, तिसरा ‘नेवासकर’. माणूस एक, सूचीत तीन.

‘रायगड’चं काय करणार? किल्ला की जिल्हा? आणि जिल्ह्याचं हे नाव १९८१ पासूनचं, त्याआधी तो कुलाबा. चौथ्या प्रकरणात ‘कुलाबा’ असेल, सातव्यात ‘रायगड जिल्हा’. म्हणून दोन वेगळी नावं करायची, ‘रायगड, किल्ला’ आणि ‘रायगड, जिल्हा’. आणि ‘कुलाबा जिल्हा’ या नोंदीपुढे पानाऐवजी ‘पाहा: रायगड, जिल्हा’ असं यायला हवं. वर्डमध्ये खूण करण्याच्या चौकटीतच त्याची जागा आहे. ही ‘पाहा’ची नोंद सगळ्या फाइलींत मिळून एकदाच करायची.

सुतारवाडी तर विचारूच नका. २२ जुलै २०२१ च्या दरडीत महाड तालुक्यातलं तळीये आणि पोलादपूर तालुक्यातली साखर सुतारवाडी, केवनाळे ही गावं सापडली. पण सुतारवाडी रोह्यातही आहे. सातव्या प्रकरणात ‘सुतारवाडी’ एवढीच खूण राहिली, तर उद्या आपल्या माणसांची नोंद शोधणारा भलत्याच गावात पोहोचेल. अशा नोंदीत चूक चालत नाही. कुडपणचंही तेच. बुद्रुक आणि खुर्द वेगळे दाखवायचे की एका नावाखाली पोटनावं करायची, हे गावाने ठरवावं, डीटीपीवाल्याने नव्हे.

म्हणून माझं सांगणं असं की सूचीचं काम शेवटी नसतं, ते लिहिण्याच्या आधी सुरू होतं. सातही जणांनी एकदा बसून नावांचा तक्ता करावा: नाव कसं लिहायचं, त्याची दुसरी रूपं कोणती, ती कुठे वळवायची. त्या तक्त्याला एकच मालक असावा. नवीन नाव आलं की त्याला विचारायचं, आणि त्याने होय म्हटल्यावरच खूण करायची. या माणसाशी भांडणं होतील, होऊ द्या. असा माणूस नसेल तर कळा दाबून एका मिनिटात यादी निघते खरी, पण ती सात जणांच्या सात याद्यांची खिचडी असते.

मुंबईकरांना आता काम सांगतो. प्रत्येक वाडीतून एकाने परतण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसून शेतांची, पाणवठ्यांची, देवांची, डोंगराच्या धारांची नावं युनिकोडमध्ये टाइप करून घ्यावीत. एकाच जागेला दोन नावं निघाली तर दोन्ही लिहावीत, आणि कोण काय म्हणतं तेही. इतिहास कोण लिहिणार ते पुढे बघू. हा तक्ता या महिन्यात करा, कारण यातली पुष्कळ नावं अजून एकाही पुस्तकात आलेली नाहीत.