युद्धबंदी : संख्येमागची नावे



युद्धाची चर्चा निघाली की पहिला प्रश्न येतो तो सैन्यबळाचा. कोणाकडे पायदळ किती, विमाने किती, जहाजे किती? युद्ध संपले की याच हिशेबाला आणखी एक रकाना जोडला जातो, तो युद्धबंद्यांचा. १९७१च्या भारत-पाकिस्तान युद्धाचे स्मरण आजही बहुधा अशा दोन आकड्यांनीच होते: १३ दिवसांचे युद्ध आणि ९३,००० कैदी. विजयाचा अभिमान स्वाभाविक आहे. तथापि या दुसऱ्या आकड्याच्या पोटात काय होते आणि त्याचे पुढे काय झाले, हेही जाणून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम सैन्यबळाचा विचार करू. पूर्व आघाडीवर भारताने तीन कोअर आणि १०१ कम्युनिकेशन झोनचे दल उतरविले होते. पाकिस्तानचे तेथील विमानबळ मोजके होते. ढाक्याच्या धावपट्टीवर बॉम्ब पडताच ते जमिनीला खिळले. समुद्राची वाट ‘विक्रांत’ने रोखली. २५ मार्च १९७१च्या रात्रीपासून ज्या जनतेवर त्या लष्कराने शस्त्र चालविले, ती जनता आणि तिची मुक्तिवाहिनी लष्कराच्या पाठीशी नव्हे, तर पाठीवर होती. पूर्व विभागाचे तत्कालीन चीफ ऑफ स्टाफ मेजर जनरल जेकब यांनी पुढे लिहिल्याप्रमाणे, शरणागतीच्या दिवशी ढाक्यात पाकिस्तानचे २६,४०० सैनिक होते आणि शहराच्या आसपास पोहोचलेले भारतीय सैनिक होते सुमारे ३,०००. म्हणजे निर्णय झाला तो केवळ शिरगणतीने नव्हे. रसद तुटलेली, आकाश हातचे गेलेले आणि पायाखालची भूमी परकी झालेली, अशा सैन्याची संख्या त्याला वाचवू शकली नाही.

१६ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या रमणा रेसकोर्सवर लेफ्टनंट जनरल नियाझी यांनी लेफ्टनंट जनरल अरोरा यांच्यापुढे शरणागतीच्या दस्तऐवजावर सही केली. शरण आलेल्यांना जिनिव्हा करारानुसार सन्मानाने वागविले जाईल, असे वचन त्याच दस्तऐवजात होते. विजेत्याने सहीबरोबर एक जबाबदारीही स्वीकारली होती.

ते ९३,००० सारे सैनिक नव्हते. त्यांत निमलष्करी दलांचे जवान होते, पोलीस होते, मुलकी अधिकारी होते आणि त्यांच्या कुटुंबांतील स्त्रिया व मुलेही होती. नियमित सैनिक नेमके किती, यावर दोन्ही देशांत आजही एकमत नाही. या सर्वांना भारतातील निरनिराळ्या छावण्यांत ठेवण्यात आले. खुद्द नियाझी जबलपूरला होते.

१९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराचा गाभा असा, की कैदी हा पकडणाऱ्या तुकडीचा नव्हे, तर त्या राष्ट्राचा असतो. चौकशीत त्याने नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि क्रमांक एवढेच सांगणे बंधनकारक आहे. पकडला गेल्याची वार्ता देणारे कार्ड घरी पाठविण्याचा त्याला हक्क आहे. त्याला येणाऱ्या पार्सलांत अन्न-वस्त्राबरोबर पुस्तकेही असू शकतात, इतकेच नव्हे तर परीक्षेच्या प्रश्नपत्रिकाही. ग्रंथालयाच्या वाचकांना या कलमाचे मोल वेगळे सांगावयास नको. ज्याचे स्वातंत्र्य गेले आहे, त्याचे माणूसपण मात्र जाऊ नये, हा त्यामागील हेतू आहे.

याच कराराचे ११८वे कलम सांगते, की प्रत्यक्ष लढाई थांबताच कैद्यांना विनाविलंब सोडावे. येथे मात्र विलंब झाला. २ जुलै १९७२च्या सिमला करारानंतर पश्चिम आघाडीवरील जिंकलेला मुलूख परत गेला, पण कैदी छावण्यांतच राहिले. शरणागती भारत-बांगलादेशाच्या संयुक्त सेनेपुढे झाली असल्याने बांगलादेशाच्या संमतीविना सुटका नाही, अशी भारताची भूमिका होती. बांगलादेशाला १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवावयाचे होते. पाकिस्तान त्या देशाला मान्यता देत नव्हते आणि तेथे अडकलेले बंगाली सुटकेची वाट पाहत होते. प्रत्येक पक्षाच्या म्हणण्यात काही तथ्य होते; लाखोंच्या संहाराचा जाब विचारणे तर न्याय्यच होते. परंतु साधा शिपाई, लेखनिक आणि त्याची मुले या वाटाघाटीत तारण बनून राहिली, हेही नाकारता येत नाही. अखेर २८ ऑगस्ट १९७३ला दिल्लीत करार झाला, फेब्रुवारी १९७४मध्ये पाकिस्तानने बांगलादेशाला मान्यता दिली, एप्रिलमधील त्रिपक्षीय करारात ते १९५ खटले सोडून देण्यात आले आणि त्या महिन्याच्या अखेरीस नियाझी वाघा ओलांडून गेले. शरणागतीला तोवर दोन वर्षे चार महिने उलटले होते.

सीमेच्या पलीकडेही भारतीय कैदी होते. संख्येने ते फार थोडे, काही शेकड्यांतच मोजावेत इतके. त्यांत वायुदलाचे फ्लाइट लेफ्टनंट दिलीप पारुळकर होते. १० डिसेंबर १९७१ला त्यांचे विमान पाडले गेले. ऑगस्ट १९७२मध्ये ते ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोन साथीदारांसह रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले. अफगाण सरहद्द अवघ्या काही मैलांवर राहिली असता त्यांनी लंडी कोतलला ‘लंडी खाना’ या स्थानकाची चौकशी केली. त्या स्थानकाची गाडी १९३२ सालीच बंद झालेली होती. जुन्या नकाशावरील एका नावाने त्यांना पकडून दिले. १ डिसेंबर १९७२ला ते अन्य कैद्यांबरोबर मायदेशी परतले.

सगळेच परतले नाहीत. १९७९ साली लोकसभेत ४० बेपत्ता सैनिकांची नावे मांडली गेली. पुढे १९६५ व १९७१च्या युद्धांतील अशा ५४ जणांची यादी सर्वतोमुखी झाली. असे कोणी आपल्या तुरुंगांत नाहीत, हे पाकिस्तानचे म्हणणे. २००७ साली त्यांतील काहींच्या नातेवाइकांनी तेथील तुरुंग पाहिले. हाती काही लागले नाही. ९३,०००च्या तुलनेत ५४ ही संख्या नगण्य भासेल. ज्या घरात पत्नीला आपण सधवा की विधवा हेच ठाऊक नाही, त्या घराला ही तुलना सांगता येणार नाही.

राष्ट्राचे सैन्यबळ मोजताना पलटणी आणि तोफा मोजाव्याच लागतात. त्याबरोबर आणखी एक हिशेब राष्ट्राने ठेवला पाहिजे. आपल्या हाती आलेल्या शत्रूच्या प्रत्येक माणसाची नोंद नीट राहिली का, आणि आपल्या हातून गेलेल्या प्रत्येकाचा शोध अखेरपर्यंत घेतला का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर भारताने पुष्कळ अंशी समाधानकारक दिले, जरी उशिरा. दुसऱ्याचे उत्तर अजून यावयाचे आहे, आणि त्याची वाट पाहणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत.