डोक्यावरचा हंडा कोण उतरवणार?

(मुरबाड येथील महिला आरोग्य मेळाव्यात केलेले भाषण)



मी शहापूरची. इंजिनिअरिंग केले आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. आज मात्र पेशंट म्हणून तुमच्यासमोर उभी आहे. माझ्या आजाराचे नाव कियारी मालफॉर्मेशन. नाव अवघड आहे, आजार समजायला तेवढा अवघड नाही.

कवटीच्या तळाशी एक मोठे छिद्र असते. त्यातून मज्जारज्जू मानेत उतरतो. काहींच्या बाबतीत लहान मेंदूचा खालचा भाग याच छिद्रातून खाली सरकलेला असतो. मग मेंदूभोवती फिरणाऱ्या पाण्याची वाट अडते. कधी कधी मज्जारज्जूच्या आतच पाण्याची पोकळी होते. हान्स कियारी या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी १८९१ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून हे नाव. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार जास्त आढळतो.

मला खोकले, शिंकले, अगदी मोठ्याने हसले तरी डोक्याच्या मागून कळ यायची. पुढे हाताची बोटे बधिर झाली. गरम-थंड कळेना. भाकरी उलटताना तव्याचा चटका बसला, तो फोड आल्यावर समजला. कोणी म्हणाले पित्त आहे, कोणी म्हणाले कॉम्प्युटरमुळे मान धरली, कोणी म्हणाले नजर लागली. अम्मीने तावीज बांधला. तिच्या मायेला मी नाव ठेवणार नाही, पण आत काय अडले आहे ते एमआरआय काढल्यावरच कळले.

ऑपरेशनमध्ये कवटीच्या मागच्या बाजूचे थोडे हाड काढून मेंदूला जागा करून देतात. बऱ्याचदा मेंदूवरचे आवरण उघडून त्याला ठिगळ लावतात. आजार पुढे वाढू नये, हा मुख्य हेतू. डोकेदुखी अनेकांची कमी होते, माझीही झाली. पण गेलेली संवेदना परत येईलच असे नसते. माझ्या डाव्या हाताची दोन बोटे आजही बधिर आहेत.

घरी सोडताना कागदावर चार सूचना मिळाल्या. वजन उचलू नका. वाकू नका. जोर लावू नका. धक्के बसतील असा प्रवास टाळा.

आता या चार सूचना आपल्या तालुक्यांत आणून बघा. १५ लिटरचा भरलेला हंडा म्हणजे १५ किलो वजन, तेही थेट डोक्यावर आणि मानेवर. भाताची लावणी म्हणजे दिवसभर वाकणे. चूल फुंकली की धूर, धुराने खोकला, खोकल्याने कळ. शहापूरकरांना लोकल पकडायला आसनगाव गाठावे लागते. मुरबाडला तर अजून रेल्वेच नाही, कल्याणपर्यंत एसटीचे धक्के खायचे. तानसा, भातसा, मोडकसागर ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईचे निम्म्याच्या आसपास पाणी एकट्या भातसातून जाते. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात बाया टँकरची वाट बघतात.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर वीटभट्टीवर काम करणारी एक ताई होती. तिलाही याच सूचना मिळाल्या. तिने मला विचारले, "उचलू नको म्हणतात. मग खाऊ काय?" माझे काम लॅपटॉपवरचे. मला रजा मिळाली, नंतर घरून काम मिळाले. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीवर घेतली, दर अर्ध्या तासाने उठायचे ठरवले. तिला यातले काय मिळणार होते? मला अजूनही याचे उत्तर देता येत नाही.

आमच्या घरात बदल करावे लागले. पाणी भरायचे काम भावाने घेतले. रोजची भांडी आणि डबे कमरेच्या उंचीवर आले. पोट साफ राहावे म्हणून जेवणात भाज्या वाढल्या, कारण शौचाला जोर लावला तरी डोक्यात कळ यायची. सजद्यासाठी वाकता येत नव्हते. मौलानांनी सांगितले, आजाऱ्याला खुर्चीवर बसून इशाऱ्याने नमाज पढण्याची मुभा आहे. तरी एक खाला म्हणाल्याच, "एवढी तरणीताठी आणि खुर्चीवर?" माझी जखम ओढणीखाली होती, त्यांना दिसणार कशी? न दिसणाऱ्या आजाराचे हे दुखणे वेगळेच असते.

म्हणून इथल्या बहिणींना आणि विशेषतः भावांना काही गोष्टी सांगते.

खोकल्यावर डोक्याच्या मागे कळ येत असेल आणि हात बधिर होत असतील, तर अंगावर काढू नका. आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात दाखवा. मेंदूच्या ऑपरेशनचे विभाग मुंबईत जे. जे., केईएम आणि सायनला आहेत. दाखल होण्याआधी महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला भेटा, आपले ऑपरेशन योजनेत बसते का ते विचारा.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत चेतासंस्थेचे दीर्घकालीन आजारही येतात. तपासणीत ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व ठरले, तर शासकीय सवलतींचा मार्ग खुला होतो. प्रमाणपत्रासाठी अर्ज करायला लाजू नका.

आणि शेवटचे. आजारी बाईला "आराम कर" असे सगळे म्हणतात. तिचा आराम म्हणजे तिचे काम दुसऱ्या कोणीतरी उचलणे. ते मुलाने उचलावे, नवऱ्याने उचलावे, आणि पाणी दारात आणायचे काम ग्रामपंचायतीने आणि सरकारने करावे. डॉक्टर चार सूचना लिहून देतात. त्या पाळणे एकट्या बाईच्या हातात नसते. पुढच्या ग्रामसभेत नळाचा विषय निघेल, तेव्हा तो आरोग्याचाही विषय आहे, असे उभे राहून सांगा. मी शहापूरला सांगणार आहे, तुम्ही मुरबाडला सांगा.