दूरदर्शनवरील जाहिराती आणि आपल्या घरातील स्त्री
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि हयात प्राथमिक शाळेत गेली. तेव्हा आमच्याकडून पांडित्याची अपेक्षा नसावी. विषय घेतला आहे तो घरोघरी रोज दिसणारा: दूरदर्शनसंचावरील जाहिरातींतील स्त्री.

ह्या जाहिरातींत कामाची वाटणी बहुधा ठरलेली असते. सदऱ्याच्या गळपट्टीवरील मळ, आमटीची चव, मुलाचा खोकला ही स्त्रीची चिंता. मोटार आणि विमा ही पुरुषाची. १९८० नंतरच्या दशकातील सर्फच्या जाहिरातीतील ललिताजी आपणांपैकी अनेकांस आठवत असतील. कै. कविता चौधरी ह्यांनी ती भूमिका केली होती. ती बाई भोळी नव्हती. स्वस्त आणि चांगले ह्यांतील भेद ती चोख सांगे. आम्हांस ती फार आवडे. परंतु एवढी शहाणी बाईसुद्धा आपली सारी बुद्धी धुण्यावरच खर्च करते, हे तेव्हा आमच्या ध्यानी आले नाही.

रंगाचे प्रकरण याहून कठोर. 'फेअर अँड लव्हली'च्या एका जाहिरातीत, मुलगा नाही म्हणून पिता खंत करतो. मग सावळी कन्या मलम लावून गोरी होते, विमानात नोकरी मिळविते आणि पित्याचे समाधान होते. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेच्या आक्षेपांनंतर २००३ मध्ये ती मागे घेण्यात आली. मलमाच्या नावातील 'फेअर' हा शब्द जाण्यास मात्र २०२० साल उजाडले.

एरिअल साबणाच्या २०१६ मधील जाहिरातीत कचेरीतून दमून आलेली कन्या घरकामात बुडालेली पाहून वृद्ध पिता तिची पत्राने क्षमा मागतो. ती पाहताना आमचे डोळे पाणावले आणि त्याच वेळी आम्ही सूनबाईंकडे चहा मागितला! त्याही नुकत्याच कामावरून आल्या होत्या. केंद्र सरकारच्या २०२४ च्या पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांची बिनपगारी घरकामाची सरासरी रोज २८९ मिनिटे भरली. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८.

मग केवळ जाहिरातदारांस दोष द्यावा काय? आपल्याच स्मरणिकेची वधूवर-सूची उघडावी. वधूच्या नावापुढे 'गोरी, गृहकृत्यदक्ष'. वराच्या नावापुढे वेतन आणि स्वतःची सदनिका. पाने जुळविण्याचे काम आम्ही कित्येक वर्षे केले. एका उपवर कन्येने स्वतःच्या हाताने 'सावळी' असे लिहिले होते. तिचे हित व्हावे म्हणून आम्ही तो शब्द खोडून 'निमगोरी' असा केला. अंक छापून आल्यावर ती घरी आली. "गुरुजी, तुम्हीसुद्धा?" एवढेच म्हणाली आणि पाणीही न घेता परतली. ती आमची विद्यार्थिनी होती.

तरी कार्यकारी मंडळास आमची विनंती आहे की, पुढील वर्षीच्या अर्जातून 'वर्ण' हा रकाना गाळावा, आणि 'गृहकृत्ये येतात काय?' हा प्रश्न वरांसही विचारावा. त्यांची उत्तरे जशीच्या तशी छापावीत. मुद्रिते तपासण्यास आम्ही येऊच; खोडण्यासाठी लेखणी मात्र आणणार नाही.