‘वय झालंय’ म्हणून सोडून देऊ नका

(मंडळाच्या सभेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



मंडळाने मला ‘घरातले प्राणी’ या विषयावर बोलायला सांगितलं. विषय मोठा आहे. मी त्यातलं एकच दुखणं निवडलंय, कारण ते माझ्या तपासणीच्या टेबलावर रोज येतं: कुत्र्याचा संधिवात. टाळेबंदीच्या काळात ब्रिटनमध्ये घरोघरी पिल्लं आली, आपल्या मराठी घरांतही आली. मुलं घरात कोंडली होती, आईवडील लॅपटॉपसमोर बसलेले होते आणि मध्ये ते एक पिल्लू हुंदडत होतं. ती पिल्लं आता मध्यम वयात आली आहेत. म्हणून आजच बोलायला हवं.

आपली माणसं कुत्र्याला दवाखान्यात आणतात ती लस टोचायला, नाहीतर कान खाजतो म्हणून. मी विचारते, चालतो कसा? उत्तर ठरलेलं असतं: “जरा हळू झालाय. वय झालंय ना आता.” त्याच कुत्र्याच्या खुब्याला मी हात लावते आणि तो मान वळवून माझ्या हाताकडे बघतो. भुंकत नाही, चावत नाही, फक्त बघतो. त्याला दुखतंय आणि ते बहुधा कित्येक महिन्यांपासून दुखतंय.

वय होणं हा आजार नाही, संधिवात हा आजार आहे. मला आज एवढंच सांगायचंय आणि पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या व्हेटकंपास प्रकल्पाने ब्रिटनमधल्या साडेचार लाखांहून अधिक कुत्र्यांच्या दवाखान्यातल्या नोंदी तपासल्या आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर वर्षी अडीच टक्के कुत्र्यांच्या नोंदीत पायांच्या सांध्यांचा संधिवात सापडतो; म्हणजे देशभरात सुमारे दोन लाख कुत्री. निदान होतं तेव्हाचं वय साधारण साडेदहा वर्षं. ही झाली दवाखान्यात नोंद झालेली कुत्री. ‘वय झालंय’ म्हणून ज्यांना कुणी आणलंच नाही, ती या आकड्यात नाहीत.

आणि साडेदहा हे निदानाचं वय आहे, सुरुवातीचं नव्हे. माणसाचा गुडघा बहुधा उतारवयात झिजतो. कुत्र्यात मात्र बरेचदा मूळ दोष लहानपणीचाच असतो: खुब्याची वाटी उथळ असते, किंवा कोपराचा सांधा नीट जुळलेला नसतो. काहींमध्ये गुडघ्यातला क्रुशिएट लिगामेंट तुटतो. सांध्यातली हाडं थोडी थोडी घसरत राहतात, कूर्चा खडबडीत होते, सांध्याच्या अस्तराला सूज येते आणि कडेने हाड वाढायला लागतं. कूर्चेला स्वतःला संवेदना नसते. दुखतं ते भोवतालचं अस्तर, खालचं हाड आणि ताणलेले स्नायू. दुखणं फार दिवस राहिलं की मज्जासंस्थाच हळवी होते आणि साधा स्पर्शही टोचू लागतो. म्हणून लवकर उपचार करायचे. एक्स-रेमध्ये थोडंसंच दिसतं आणि कुत्रा बेजार असतो, किंवा याच्या अगदी उलट, हे दोन्ही मी पाहते.

लंगडला तर कळेल, असं सगळ्यांना वाटतं. पण दोन्ही खुबे सारखेच दुखत असतील तर लंगडायचं कुठल्या पायाने? मग तो वजन पुढे टाकतो. छाती आणि खांदे भरतात, मागच्या मांड्या सुकतात. उठताना आधी पुढचे पाय रोवतो, मग मागचं धड ओढून वर घेतो. गाडीच्या डिकीत उडी मारायच्या आधी क्षणभर थांबतो. दुपारची झोप सोफ्यावरून जमिनीवर आलेली असते. मुलांनी गळ्यात हात टाकला की उठून दुसरीकडे जातो आणि एखाद्या दिवशी गुरगुरतो. मग घरात म्हणतात, म्हातारपणी चिडका झालाय.

आज घरी गेल्यावर एक गोष्ट बघा. कुत्र्याचं मागचं पाऊल हातात घ्या आणि मधल्या दोन नखांची वरची बाजू पाहा. नख खालून झिजतं, हे ठीक. पण वरून घासलेलं, सपाट, मॅट झालेलं दिसलं, तर तो पाय उचलत नाहीये, फुटपाथवरून ओढतोय. रात्री रस्ता शांत असताना फिरवायला नेलंत तर तो आवाजही ऐकू येतो, प्रत्येक पावलागणिक बारीकसा खर्र. एवढं पाहिलंत तरी तुम्ही निम्मं निदान केलंत.

आता उपचार. पहिल्या क्रमांकावर औषध येईल अशी तुमची अपेक्षा असेल. मी वजन ठेवते.

अमेरिकेत अठ्ठेचाळीस लॅब्रॅडॉर पिल्लांवर चौदा वर्षं चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. जोड्या लावून एकाला जेवढं अन्न, त्याच्या जोडीदाराला त्यापेक्षा पंचवीस टक्के कमी. कमी खाणारी कुत्री सरासरी जवळजवळ दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांना संधिवाताच्या उपचारांची गरज तीन वर्षं उशिरा पडली. एवढी ताकद असलेली गोळी माझ्याकडे नाही. ग्लासगो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवलं की लठ्ठ संधिवाती कुत्र्याचं वजन सहा टक्क्यांच्या आसपास उतरलं की लंगडणं मोजण्याइतकं कमी होतं. तीस किलोच्या कुत्र्यात हे होतात दोन किलोहून कमी.

लॅब्रॅडॉरवाल्यांना आणखी एक सांगायचंय. केंब्रिजमध्ये एलिनॉर रॅफन यांच्या गटाने २०१६ मध्ये शोधलं की सुमारे पाव लॅब्रॅडॉरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्याला भूक जास्त लागते, आणि २०२४ च्या त्यांच्या पुढच्या अभ्यासात दिसलं की विश्रांतीच्या वेळी त्याचं शरीर ऊर्जाही कमी जाळतं. म्हणजे तुमचा कुत्रा हावरट नाही, तो खरोखर भुकेला आहे. त्याच्यावर रागवायचं कारण नाही आणि त्याला जास्त खाऊ घालायचंही कारण नाही.

आपल्या घरांत वजन वाढतं ते वाडग्यातल्या खाण्याने नाही, टेबलाखालच्या खाण्याने. भारतातून आजी-आजोबा येतात. दिवसभर घरात तेच असतात आणि कुत्रा त्यांच्या पायाशी. पोळीचा तुकडा, तुपाचं बोट, भाताचा शेवटचा घास. हे प्रेम आहे आणि ते मला मोडायचं नाहीये. दिवसभराचं मोजून ठेवलेलं खाणं डब्यात काढून तो डबाच आजीच्या हातात द्या. द्यायचं ते त्यातूनच. किचन स्केलवर मोजा, कपाने नको. जाता जाता: शिरा आणि लाडू यांत बेदाणे असतात, त्यांपासून कुत्र्याला दूर ठेवा. बेदाणे आणि द्राक्षं कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, अगदी थोडी खाल्ली तरी. कांदा-लसूणही नको.

दुसरा क्रमांक घराचा. हॅना कॅपनर या व्हेटने या देशात ‘कनाइन आर्थ्रायटिस मॅनेजमेंट’ नावाचं काम उभं केलंय, सगळे त्याला कॅम म्हणतात. त्यांचा भर घर बदलण्यावर आहे आणि मला तो पूर्ण पटतो. इथल्या नव्या घरांत सगळीकडे लॅमिनेटची जमीन असते. संधिवाती कुत्र्यासाठी ती ओल्या घाटासारखी निसरडी. चारी पाय चार दिशांना जाऊ नयेत म्हणून तो दिवसभर स्नायू आवळून चालतो आणि संध्याकाळी थकतो. झोपायच्या जागेपासून पाण्यापर्यंत आणि पाण्यापासून मागच्या दारापर्यंत रबरी पाठीच्या सतरंज्या टाका. जुन्या योगा मॅटही चालतात. नखं कापा, पंजाच्या गाद्यांमधले केस कापा. जुन्या टेरेस घरांतले जिने फार उभे असतात, तिथे खाली लहान मुलांचं फाटक लावा. गाडीला रॅम्प. गादी जाड फोमची हवी आणि दाराच्या फटीतल्या वाऱ्यापासून लांब. पावसातून आला की टॉवेलने पाय आणि पोट कोरडं करा.

फिरणं बंद करायचं नाही. रोज थोडं, सारखं: वीस मिनिटं दोनदा. आठवडाभर घरात आणि रविवारी पीक डिस्ट्रिक्टमध्ये चार तास, हे सगळ्यात वाईट. लांब दांडीने चेंडू फेकणंही बंद, कारण पूर्ण वेगात धावून एकदम ब्रेक लावताना सगळा भार त्याच दुखऱ्या सांध्यांवर येतो. पाण्यातला ट्रेडमिल, फिजिओथेरपी यांचा पुष्कळांना उपयोग होतो, पण आधी तुमच्या व्हेटची चिठ्ठी लागते.

आता औषधं, आणि इथे मला थोडं कडक बोलायचंय. आपल्या प्रत्येक घरात भारतातून आणलेल्या गोळ्यांचा डबा आहे आणि त्यात कॉम्बिफ्लॅम आहे. त्यात आयबुप्रोफेन असतं. कुत्र्याच्या जठरात त्याने अल्सर होतात, मूत्रपिंडं जातात. डायक्लोफेनॅकचंही तेच. गोळीच लागते असं नाही: आजोबांनी गुडघ्याला डायक्लोफेनॅकचं व्होल्टारॉल जेल चोळलेलं असतं आणि कुत्रा प्रेमाने तो गुडघा चाटतो. जेल लावल्यावर गुडघा झाका, हात धुवा.

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकले. मुंबईतच, मलबार हिलवरच्या पारशांच्या डुंगरवाडीत, एकेकाळी गिधाडं घिरट्या घालत. ती नाहीशी झाली. गुरांना दिलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेलं आणि देशभरातली गिधाडं मूत्रपिंडं निकामी होऊन मेली. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी ते बंद केलं. त्याच्या जागी गिधाडांना सुरक्षित ठरलेलं औषध पुढे आलं ते मेलॉक्सिकॅम, आणि आज तुमच्या कुत्र्याला मी बहुतेक वेळा सुरुवातीला लिहून देते तेच. एकाच घराण्यातली दोन औषधं. एक जीव घेतं, एक दुखणं थांबवतं. म्हणून डब्यातली गोळी ‘तसलीच आहे’ म्हणून देऊ नका.

मेलॉक्सिकॅम, कार्प्रोफेन, ग्रॅपिप्रंट ही कुत्र्यांसाठीची औषधं चांगली आहेत. खाण्याबरोबर द्यायची, मधूनमधून रक्त तपासायचं. उलट्या, जुलाब, काळी शी झाली किंवा खाणं सोडलं तर औषध थांबवून लगेच फोन. बरं वाटतंय म्हणून मनानेच बंद करू नका. बरं वाटतंय ते औषधामुळे.

लिब्रेला या इंजेक्शनबद्दल मला सगळे विचारतात. महिन्यातून एकदा टोचायचं, दुखण्याचा संदेश वाढवणारं एक प्रथिन त्याने अडवलं जातं. इथे ते २०२१ पासून वापरात आहे. पुष्कळ कुत्री त्याने पुन्हा जिना चढली, हे मी पाहिलंय. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने व्हेटना पत्र लिहून दुष्परिणामांच्या नोंदींकडे लक्ष वेधलं: तोल जाणं, फिट येणं, तहान आणि लघवी वाढणं. माझं मत असं की हे औषध नाकारू नये आणि डोळे मिटून घेऊही नये. आधी नीट तपासणी, मेंदू-मज्जातंतूचा आजार नाही ना याची खात्री, आणि पहिल्या इंजेक्शनानंतर घरच्यांची नजर. काही विपरीत दिसलं तर व्हेटरिनरी मेडिसिन्स डिरेक्टरेटकडे तुम्ही स्वतःही नोंद करू शकता.

ग्लुकोसॅमिनवर महिन्याला पैसे घालवणारे इथे बरेच असतील. २०२२ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात ग्लुकोसॅमिन-कॉन्ड्रॉइटिनचा उपयोग दिसला नाही, ओमेगा-३ चा दिसला. माशाचं तेल घ्या, मात्र व्हेटला विचारून प्रमाण ठरवा, कारण त्यातही कॅलरी असतात. हळदीच्या भरवशावर मी कुणालाही वेदनाशामक बंद करू देणार नाही.

खर्चाचं थोडक्यात. विमा पिल्लू असतानाच आणि आयुष्यभराचा घ्या; आधीचं दुखणं नंतर विम्यात बसत नाही. व्हेटकडून लेखी प्रिस्क्रिप्शन मागून औषध नोंदणीकृत ऑनलाइन फार्मसीतून घेता येतं. त्याची थोडी फी पडते, पण कायमच्या औषधात बरेच पैसे वाचतात. मागायला संकोच करू नका, तो तुमचा हक्क आहे. सरकारी मदतीवर असलेल्या कुटुंबांसाठी पीडीएसए ही धर्मादाय संस्था आहे, १९१७ पासून.

आणि एक दिवस असा येतो की हे सगळं करूनही भागत नाही. तो उठू शकत नाही, अंथरुणातच लघवी होते, खाण्याकडे बघत नाही. तेव्हा आपली माणसं पाप लागेल म्हणून थांबतात. मी हात जोडून सांगते, न थांबणाऱ्या वेदनेत त्याला ठेवणं हे पुण्य नाही. पुष्कळ व्हेट घरी येऊन त्याच्या स्वतःच्या गादीवर त्याला दयामरण देतात. मुलांशी आधी खरं बोला. ‘दूर पाठवलं’ असं सांगू नका.

इंग्लंड-वेल्सच्या २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार पाळलेल्या प्राण्याला वेदनेपासून जपणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे. पण तुम्ही ते कायद्याने करणार नाही, प्रेमानेच कराल, हे मला माहीत आहे.

दोन विनंत्या करून थांबते. उद्या सकाळी कुत्रा झोपेतून उठताना आणि जिना चढताना फोनवर व्हिडिओ काढा आणि याच आठवड्यात व्हेटला दाखवा. दवाखान्यात भीतीने तो ताठ चालतो, तिथे आम्हाला काही दिसत नाही. आणि ज्यांच्या गॅरेजमध्ये गाडीचा रॅम्प वापराविना पडून आहे, त्यांनी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर तसं लिहा. गरज असलेलं घर याच सभागृहात बसलेलं असेल.