यंत्राचा हुकूम आणि कामगार
(उतई येथील कामगार सभेत केलेले भाषण)

कॉम्रेड्स, 4 फेब्रुवारी 1959 रोजी भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळी सोव्हिएत तंत्रज्ञ आपल्या कामगारांना भट्टीपाशी उभे राहूनच शिकवीत. आज 130 मीटर लांबीचा अखंड रूळ संगणकाच्या हुकुमाने लाटला जातो. तो हुकूम कामगाराला वाचता आला नाही, तर कामाचा वेग आणि माणसांची संख्या व्यवस्थापन परस्पर ठरवील.

दल्ली-राजहराच्या खाणकामगारांनी शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली पूर्ण यांत्रिकीकरणाला नुसता नकार दिला नाही. हिशेब मांडून अर्धयांत्रिकीकरणाची पर्यायी योजना पुढे केली. नियोगी आपल्या पक्षाचे नव्हते, तरी हे मान्य केलेच पाहिजे.

प्रशिक्षण पगारी वेळेत हवे, कामगाराच्या भाषेत हवे. आणि त्याचा आरंभ उतईहून सायकलीने पाळीवर जाणाऱ्या ठेका मजुरापासून व्हावा.